शनिवारची बस

विजयश्रीबाई रणपिसे यांना विनोद सांगता येत नसे, आणि दुसऱ्यानं सांगितलेला चटकन उमगतही नसे. महापालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीच्या पोरांना अक्षरओळख करून देण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. वर्गात एकदम हशा पिकला की त्यांना आधी शंका यायची, कुणी बाकावरून पडलं की काय. आणि अशा बाईची गाठ पडली दौलतरावांशी. लग्नात पाळकांनी, ही स्त्री तुला पत्नी म्हणून मान्य आहे काय, असं विचारलं, तर हा गृहस्थ म्हणाला, एवढी माणसं जेवायला बोलावलीत साहेब, आता नाही कसं म्हणू? सगळं चर्च हसलं होतं. विजयश्रीबाईंनी डोक्यावरच्या जाळीआड डोळे घट्ट मिटून घेतले होते.

दौलतराव मूळचे शेवगावकडचे. घराणं आज्यापासून ख्रिस्ती, वडील गावात भजनाला ढोलकी वाजवायचे. तरुणपणी ते पिंपरीला आले, ट्रकवर क्लीनर झाले, मग ड्रायव्हर झाले, आणि पुढे चाकणच्या एका कारखान्याच्या कामगारांची बस त्यांच्या हाती आली ती कायमची. काळेवाडी, पिंपरी, नाशिक फाटा, भोसरी अशी माणसं गोळा करत मोशीच्या कोंडीतून चाकण गाठायचं, आणि पाळी सुटली की तीच माणसं परत आणून सोडायची. आवाज असा की इंजिन घरघरत असतानाही मागच्या सीटवरच्या झोपलेल्या माणसाला जाग यावी. स्टॉप आला की ते पुकारा करायचे, आणि पुकाऱ्यात काहीतरी चेष्टा असायचीच. लातूरची, बीडची, नांदेडची पोरं त्यांना मामा म्हणत. दिवसभर यंत्रापुढं उभी राहून आंबलेली ती माणसं बसमध्ये हसत असत, हे विजयश्रीबाईंना इतरांकडून कळायचं. घरी आल्यावर दौलतराव चहा पिऊन भिंतीला टेकून बसत आणि फारसे बोलत नसत.

त्यांना एकच मुलगा होता, निमिष. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. तळेगावहून चाकणकडे येताना त्याची मोटरसायकल एका कंटेनरखाली गेली. त्या दुपारी दौलतरावांना बस सोडून जाऊन लेकाला ओळखावं लागलं. मुलाला पुरून घरी आल्यावर विजयश्रीबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या त्या कितीतरी दिवस उठल्या नाहीत. दौलतराव मात्र सुट्टी संपल्यावर कामावर गेले. आणि पुरते दोन महिनेही झाले नसतील, त्यांच्या बसमधल्या एका माणसाची बायको भाजीच्या गाड्यापाशी भेटली आणि सहज बोलून गेली, मामा पुन्हा पहिल्यासारखे झाले हो, काल आमच्या ह्यांना हसवून हसवून पार मेटाकुटीला आणलं.

विजयश्रीबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. त्या घरी आल्या, आणि नवऱ्याला त्यांनी काहीही विचारलं नाही. पण तेव्हापासून त्यांच्या मनात एक गाठ बसली ती बसलीच. दोन महिन्यांत ज्याला हसू येतं त्याला दुःख झालंच नसावं, किंवा झालं असलं तर ते वरवरचं असावं. बाहेर या माणसाकडे सगळ्यांसाठी हसणं आहे, आणि घरात आपल्या वाट्याला नुसती मुकी पाठ, असं त्यांना वाटत राहिलं. त्यांचा संसार नीट चालला, भांडण कधी झालं नाही, रविवारी दोघं शेजारीशेजारी बसून एकाच पुस्तकातून गीतं म्हणत. फक्त निमिषचं नाव घरात कुणी काढत नसे.

अशी वर्षं गेली, आणि मग करोना आला. कारखाना बंद झाला, बस आवारात उभी राहिली, चर्चला कुलूप लागलं. चर्चच्या मंडळीतला सुजित नावाचा मुलगा माण गावी कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्यानं घरोघरी फोन करून, समजावून, म्हाताऱ्यांच्या नातवंडांना हाताशी धरून रविवारची उपासना मोबाइलवर सुरू केली. पहिल्या रविवारी पाळकांनी शेवटचा आशीर्वाद दिला, आणि कुणालाच कळेना की आता करायचं काय. एरवी बाहेर पायऱ्यांवर उभं राहून लोक तासभर बोलायचे. इथं नुसते चौकोनांत चेहरे. कुणी निघेना, कुणी बोलेना. तेव्हा दौलतरावांनी घसा साफ केला आणि बसमधला आवाज लावला.

"गाडी शेवटच्या स्टॉपला आलेली आहे. सगळ्यांनी उतरून घ्या. सीटखाली कुणाची पिशवी, छत्री, सासू राहिली असंल तर बघून घ्या."

एका चौकोनातून हसू फुटलं, मग दुसऱ्या, मग सगळेच. त्या हसण्यात स्वरूपाताई म्हणून एक बाई होत्या, ज्यांचा नवरा तेव्हा वायसीएम रुग्णालयाच्या करोना वॉर्डात होता आणि त्यांना भेटायची परवानगी नव्हती. हसणं ओसरल्यावर त्या म्हणाल्या, दौलतभाऊ, एवढ्यात नका उतरवू. थोडं बसू द्या आम्हाला.

त्यातून शनिवार संध्याकाळचा बेत निघाला. उपासना नाही, प्रवचन नाही, नुसतं एकत्र बसायचं. सुजितनं त्याला नाव दिलं 'शनिवारची बस'. जोडणी तो करून द्यायचा, आणि गाडी दौलतराव हाकायचे. गीतांच्या भेंड्या व्हायच्या. लहानपणचे फोटो दाखवून कोण ते ओळखायचं असायचं. रविवारच्या मटणाचा रस्सा कुणाचा जास्त लाल यावर वाद रंगायचे. आणि शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली कोडी. शास्त्रातला पहिला कंपनी-बसचा ड्रायव्हर कोण? दौलतराव विचारायचे. लोक डोकं खाजवायचे. मग तेच सांगायचे, नोहा. प्रलयात सगळी जनावरं जोडीजोडीनं बसवली, उभ्यानं एकालाही घेतलं नाही, आणि पाऊस थांबेपर्यंत दार उघडलं नाही. आणि चुकीच्या गाडीत बसलेला प्रवासी? योना. त्याला तर माशाच्या पोटातून जावं लागलं, आणि त्या गाडीनंच उलटी करून बरोबर स्टॉपवर उतरवलं. शेवगावकडच्या एक म्हाताऱ्या गिरजाबाई नातवाच्या फोनवरून यायच्या. त्यांची नजर गेलेली, चित्र दिसायचं नाही, पण त्या हसायच्या सगळ्यांत आधी आणि थांबायच्या सगळ्यांच्या नंतर.

या सगळ्याला मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांचा विरोध होता. त्यांचं नाव लक्ष्मणराव. पत्नी वारलेली, मुलं परगावी, चिंचवडला एकटेच राहत. एका जुन्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात त्यांचा जन्म गेला होता. उशिरा येणाऱ्या कामगारांची नावं टिपून घेणं हेच काम, आणि ती सवय अंगात मुरलेली. लोक मरताहेत आणि ख्रिस्ती माणसं चेष्टा करत बसतात, हे त्यांना पटेना. तरी ते शनिवारी यायचे, लक्ष ठेवायला म्हणून. एकदा आपला आवाज बंद आहे अशा समजुतीनं ते मोठ्यांदा प्रार्थना करू लागले, की हे प्रभू, या दौलतला थोडं गांभीर्य दे. ते सगळ्यांनी ऐकलं. लक्ष्मणरावांनी 'तुझ्या पवित्र नावानं मागतो' म्हणून प्रार्थना संपवली, तेव्हा दौलतराव मनापासून "आमेन" म्हणाले. त्या दिवशी गिरजाबाईंना पाणी पाजावं लागलं म्हणतात.

विजयश्रीबाई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसून हे ऐकत. त्या कधी पडद्यासमोर आल्या नाहीत. आतल्या आत त्यांना लक्ष्मणरावांचंच पटत होतं.

करोना ओसरला. स्वरूपाताईंचे यजमान वाचले नाहीत. गिरजाबाई वाचल्या. चर्च उघडलं, बस पुन्हा चाकणच्या वाटेला लागली. तरी शनिवार बंद पडला नाही. आपल्या माणसांत बसायची लोकांना सवय झाली होती, आणि बदली होऊन लांब गेलेलेही त्यात सामील झाले होते. दौलतराव बसवरून येत, तोंड धूत, आणि फोनपुढं बसत. अशातच त्यांचा आवाज बसला. इतकं ओरडल्यावर दुसरं काय होणार, असं विजयश्रीबाई म्हणाल्या. मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं. आवाज सुटला नाही. मग तपासण्या झाल्या, आणि मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की गाठ स्वरयंत्रावर आहे, आणि जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. तरुणपणी ट्रकवर असताना दौलतरावांनी तंबाखू खाल्ली होती. सोडून पुष्कळ वर्षं झाली होती. विजयश्रीबाईंनी डॉक्टरांना विचारलं, म्हणजे बोलणं? डॉक्टर म्हणाले, तोंडानं नाही.

ऑपरेशनच्या आधीच्या शनिवारी दौलतरावांनी कुणालाही काही सांगितलं नाही. घसा बसलाय म्हणाले. घोगऱ्या आवाजात त्यांनी भेंड्या घेतल्या, जवळजवळ प्रत्येकाला नावानं हाक मारली. एरवी कुणी मध्ये बोललं तर ते गाडी पुढं दामटायचे, त्या दिवशी दुसऱ्यांना बोलू देत होते. विजयश्रीबाई लसूण टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या. शेवटी दौलतरावांनी सगळ्यांना उतरून घ्यायला सांगितलं, आणि पडदा बंद झाल्यावर ते बायकोकडे वळून म्हणाले, "झालं बघ, विजू. वापरून घेतला सगळा."

त्यानंतर त्यांच्या तोंडून शब्द आला नाही. गळ्याला खाली भोक, त्यातून श्वास, त्यावर पातळ पांढरं फडकं. बस गेली. रविवारी चर्चमध्ये लोक त्यांचे हात हातात घेत आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं बोलत. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. त्यातून पत्र्याचा डबा बोलावा तसा आवाज येई. त्यांनी ते एकदा मंडळीत वापरून पाहिलं. पुढच्या बाकावरचं एक लहान मूल घाबरून रडायला लागलं. दौलतरावांनी यंत्र खिशात घातलं, मुलाच्या आईकडे बघून माफीसारखा हात केला, आणि मग ते यंत्र कपाटात गेलं ते पुन्हा निघालं नाही. शनिवारीही ते फोन लावेनात. तिकडे लोक जमत, पण गाडीला ड्रायव्हर नव्हता. थोडं बोलून, प्रार्थना करून सगळे जात.

सुजित एका संध्याकाळी घरी आला. त्यानं सांगितलं, मामा, तुमची बोटं शाबूत आहेत, तुम्ही लिहून पाठवा. प्रयत्न झाला. पण दौलतराव एका बोटानं अक्षरं शोधत लिहिणार, तोवर बोलणं तिसरीकडेच गेलेलं असायचं. विनोद दोन स्टॉप मागं राहायचा. शिवाय गिरजाबाईंना दिसत नव्हतं, त्यांना लिहिलेल्याचा काय उपयोग? तेव्हा सुजित विजयश्रीबाईंकडे बघून म्हणाला, मामी, मामांनी लिहिलेलं तुम्ही शेजारी बसून वाचलंत तर?

त्यांना नाही म्हणायचं होतं. पण दौलतराव त्यांच्याकडे बघत होते. लेक गेला तेव्हाही त्यांनी बायकोकडे कधी काही मागितलं नव्हतं, आता डोळ्यांनी मागत होते. विजयश्रीबाई पदर सावरून फोनपुढं बसल्या.

त्यांनी वाचलं ते पहिलीच्या वर्गाला शुद्धलेखन घालावं तसं. प्रत्येक शब्द सुटा, स्पष्ट, पूर्णविरामाला थांबून. "माझा. हॉर्न. डॉक्टरांनी. काढून घेतलेला आहे. गाडी चालू आहे. पण ओव्हरटेक करताना..." इथं पुढचं त्यांना दिसेना. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा सुरुवात केली, "पण ओव्हरटेक करताना आपापलं बघून घ्यावं." मग सुजित हसला, मग स्वरूपाताई, आणि मग जे हसणं सुरू झालं ते थांबेना. विजयश्रीबाई गोंधळून म्हणाल्या, यात हसण्यासारखं काय आहे, त्यांना खरंच हॉर्न नाही. यावर लोक आणखी हसले. शेजारी दौलतराव आवाजाशिवाय हसत होते, खांदे गदगदत होते, गळ्यावरचं फडकं आत-बाहेर होत होतं, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तिथून पुढं दर शनिवारी दोघं फोनपुढं बसत. ते लिहीत, त्या वाचत. लोकांना तो खेळ पहिल्यापेक्षाही आवडला. विजयश्रीबाईंना विनोद अजूनही उशिरा कळे, कधी भांडी घासताना कळे, आणि मग त्या एकट्याच नळाखाली हात धरून हसत. नवऱ्याच्या डोक्यात दिवसभर काय चाललेलं असतं ते लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्यांना वाचायला मिळत होतं. सगळं मात्र त्या वाचत नसत. लक्ष्मणरावांवर काही लिहिलेलं असलं की त्या ते सोडून पुढं जात. दौलतराव कोपरानं ढोसायचे, त्या मान हलवायच्या. वडीलधाऱ्या माणसाचा अवमान आपल्या तोंडानं नको, असं त्यांचं म्हणणं.

वर्ष सरलं नाही तोवर गाठ पुन्हा उठली. या वेळी फुप्फुसात. डॉक्टरांनी औषधं दिली आणि फार बोलले नाहीत. दौलतराव पलंगावर पडून असत, शनिवारी उशीला टेकून बसत. एका दुपारी विजयश्रीबाई त्यांना पेज भरवत होत्या. बाहेर शेजारची पोरं खेळत होती, मोठ्यांदा हसत होती. काय झालं कुणास ठाऊक, वाटी खाली ठेवून त्यांनी इतक्या वर्षांचं विचारून टाकलं.

"निमिष गेला, आणि दोन महिन्यांत तुम्ही बसमध्ये हसत होता. तुम्हाला हसू कसं आलं हो?"

दौलतरावांनी खुणेनं फोन मागितला. एका बोटानं ते लिहीत राहिले, मध्ये दम लागला की थांबत. विजयश्रीबाईंना वाटलं, त्यांना त्रास झाला, आपण विचारायला नको होतं. शेवटी त्यांनी फोन बायकोच्या हातात दिला. तिथं लिहिलं होतं:

"हसू आलं नव्हतं. मी कामावर गेलो तेव्हा बसमधलं कुणी बोलेना. चाळीस माणसं माना खाली घालून बसायची. रोज माझं दुःख घेऊन कामावर जायची न् घेऊन घरी यायची. त्यांनी काय पाप केलं होतं? मशीनवर लक्ष लागलं नाही तर बोटं जातात. म्हणून एक दिवस बोललो. घरी तू होतीस. तिथं गप्प बसायची मुभा होती."

विजयश्रीबाईंनी ते वाचलं, आणि सवयीनं त्यांचे ओठ हलले, जणू मोठ्यानं वाचायचं आहे. मग त्यांनी फोन पालथा ठेवला. भिंतीला टेकून बसलेला मुका नवरा त्यांना आठवला, एकेक संध्याकाळ आठवली. आपल्याला वाटलं होतं की हा माणूस आपल्याला काहीच देत नाही, आणि तो तर बाहेर दिवसभर धरून ठेवलेलं सगळं आपल्याजवळ आणून ठेवत होता. त्यांनी पलंगाच्या कडेवर डोकं टेकलं. दौलतरावांनी त्यांच्या केसांवर हात ठेवला. दोघांनी मुलासाठी एकत्र रडायचं राहिलं होतं, ते त्या दुपारी झालं. पेज गार झाली.

नाताळ दौलतरावांनी पाहिला. पडद्यावर येऊन लाल टोपी घालून हात हलवला. नव्या वर्षाच्या थंडीत एका पहाटे विजयश्रीबाई उठल्या तर दौलतरावांचा श्वास थांबलेला होता.

दफनाला मंडळी होतीच. पण शवपेटी खाली उतरवायच्या वेळी कबरस्थानाच्या फाटकाशी एक कंपनी-बस येऊन थांबली आणि त्यातून गणवेशातले कामगार उतरले, पहिल्या पाळीतून सुटून सरळ आलेले. त्यांतल्या बहुतेकांनी ख्रिस्ती दफन कधी पाहिलं नव्हतं. चपला काढाव्यात की नाही हे त्यांना कळेना, त्यांनी बाहेर काढल्या. रांगेनं येऊन त्यांनी मूठ मूठ माती टाकली, विजयश्रीबाईंना हात जोडले, आणि गाडीत जाऊन बसले.

त्यानंतरचे शनिवार वाईट गेले. मंडळीच्या ग्रुपवर मेणबत्त्यांची चित्रं येत, जोडलेले हात येत, सांत्वनाची वचनं येत. विजयश्रीबाई एकट्या घरात बसून ती खाली सरकवत. चेष्टेचं अक्षर कुणी टाकेना. कुणी चुकून हसरा चेहरा पाठवला तर लगेच पुसून टाकी. चर्चमध्ये त्या आल्या की बायकांचं बोलणं थांबे. सुजितनं संकोचत फोन केला, मामी, शनिवार बंद करायचा का? तुम्हाला त्रास होतो असं सगळ्यांना वाटतं. विजयश्रीबाई म्हणाल्या, या शनिवारी मला जोडून दे.

चेहरे दिसू लागले, सगळे गंभीर. कुणीतरी प्रार्थनेला सुरुवात करणार तोच त्या बोलल्या. आपल्याला विनोद सांगता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, असं त्या म्हणाल्या, पण यांनी लिहिलेलं सगळंच आपण वाचलं नव्हतं, काही गाळलं होतं, तेवढं आज सांगते. मग लक्ष्मणराव जिथं दिसत होते तिकडे बघून त्यांनी माफी मागितली आणि शुद्धलेखन घातल्यासारखं सांगितलं:

"हे म्हणायचे, स्वर्गाच्या गेटवर जर लक्ष्मणरावांना टाइम ऑफिस मिळालं, तर आपल्या मंडळीतलं कुणीही आत जाणार नाही. सगळ्यांना लेटमार्क."

कुणी हसलं नाही. सगळे लक्ष्मणरावांकडे बघत होते. ते त्यांच्या खुर्चीत ताठ बसले होते, वर पंखा फिरत होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"दौलतला लेटमार्क नाही," ते म्हणाले. "तो वेळेच्या आधी गेला."

आणि तो कडक म्हातारा सगळ्यांसमोर तोंडावर रुमाल धरून रडू लागला. गिरजाबाईंना काही दिसत नव्हतं, त्यांना वाटलं लक्ष्मणराव हसताहेत, म्हणून त्या हसू लागल्या. ते ऐकून स्वरूपाताईंना हसू आवरेना, आणि मग रडणाऱ्या-हसणाऱ्या माणसांनी पडदा भरून गेला. विजयश्रीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. पडदा बंद झाल्यावर, लोक कसे हसले ते सांगावं म्हणून त्या शेजारी वळल्या. उशी होती. मग घरात एकटीनं बसून त्या फार वेळ रडल्या.

शनिवार चालू आहे. पूर्वीइतकी गर्दी नसते. सुजितची बदली बंगळूरला झाली, त्यानं जायच्या आधी विजयश्रीबाईंना जोडणी करायला शिकवलं, ती त्या आता करतात. गिरजाबाई मागच्या पावसाळ्यात गेल्या. एकदा भेंड्या चालल्या असताना बोलणं नाताळच्या नाटकांवर गेलं, आणि विजयश्रीबाई निमिषबद्दल बोलू लागल्या. मंडळीतल्या नव्या लोकांना त्यांना मुलगा होता हेही माहीत नव्हतं. पाच वर्षांचा असताना तो मेंढपाळ झाला होता, त्या सांगत होत्या. देवदूत आला, सगळे मेंढपाळ गोठ्याकडे निघाले, आणि हा हटून बसला, की मेंढरं एकटी टाकून मी येणार नाही, लांडगा आला तर काय करू. शेवटी पाळकांनी मेंढरं सांभाळायचं कबूल केलं तेव्हा उठला.

लोक हसत होते. सांगता सांगता विजयश्रीबाई अडल्या. मेंढरं कापसाची होती की गोधडीची, त्यांना आठवेना. हे त्यांच्याबरोबर पाहिलेलं, ज्याला विचारावं असं माणूस एकच होतं, आणि ते आता नव्हतं. पडद्यावरचे चेहरे थांबून वाट बघत होते. कापसाचीच होती, असं त्यांनी ठरवून टाकलं, आणि पुढचं सांगू लागल्या.